आधी ओटी

"नाबर मॅडम, ओटी भरता येते ना तुम्हाला?"

शिंत्रेसाहेबांनी हे विचारलं तेव्हा मी एका जाडजूड करारातली हमीची कलमं तपासत होते. मला वाटलं ते फोनवर कुणाशी बोलतायत. मान वर केली तर साहेब माझ्या केबिनच्या दारात उभे होते. एका हातात सोललेला नारळ, दुसऱ्या हातात हिरवा खण.

"काय म्हणालात?"

"ओटी हो. खण-नारळाची. नेहमी आमच्या मिसेस खाली येऊन भरतात, पण त्या पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. आज मगदुमांची रत्नाक्का येणार सहीला. ऑफिसात बाईमाणूस म्हणजे तुम्ही एकट्याच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मुंबईच्या ज्या फर्ममधून मी आले होते तिथे कॉफी आणायला वेगळा माणूस, झेरॉक्सला वेगळा आणि समुद्र दिसणारी खिडकी पुसायला तिसरा. कंपन्या विकत घेणं, विकणं, एकमेकींत विलीन करणं हे माझं काम. कोल्हापुरात तेच करायला मी आले होते. त्या कामात नारळ कुठे बसतो हे मला कळेना.

"सर, शेअर्सच्या बक्षीसपत्राला ओटी लागत नाही," मी म्हणाले.

"कायद्याला नाही लागत. आम्हाला लागते," साहेब म्हणाले आणि खण-नारळ माझ्या टेबलावर, नेमका करारावर, ठेवून गेले.

कोल्हापूरला मी आले ती रागाच्या भरात. मुंबईच्या फर्ममध्ये मला पार्टनर करायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. शेवटी माझ्यापेक्षा ज्युनियर मुलाचं नाव लागलं, त्याच आठवड्यात शिंत्रेसाहेबांचा फोन आला. एका व्यवहारात ते समोरच्या बाजूला होते, तेव्हाची ओळख. "या आमच्याकडे," ते म्हणाले, "माणसं कमी, काम उदंड, आणि बोर्डावर नाव लावतो." माझा नवरा निरंजन बोटीवर असतो, सहा-सहा महिने समुद्रात. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला हवं ते कर." मला काय हवंय हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं अशी माझी फार इच्छा होती, पण तसं कुणी मिळालं नाही. म्हणून मी सामान बांधलं.

बांधलेलं सामान नंतर सोडलंच नाही. ताराबाई पार्कातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खोकी भिंतीला लावून ठेवली होती. लागेल तेवढं वरच्या वर उपसायचं, पुन्हा झाकण दाबायचं. शुक्रवार आला की मी मुंबईची बस पकडायची, सोमवारी परत. मधल्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. संध्याकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारायची, आणि लोक निवांत कट्ट्यावर बसून भेळ खाताना दिसले की मला त्यांचा उगाच राग यायचा.

त्यात त्या आठवड्यात जुन्या फर्मच्या सबनीस मॅडमचा फोन आला होता. "केतकी, झालं ना रुसून? परत ये. या वेळी नाव नक्की. सोमवारपर्यंत सांग." म्हणजे त्या शुक्रवारी, खण आणि नारळ समोर घेऊन बसले असताना, माझा एक पाय आधीच बसमध्ये होता.

मगदुमांचं काम मी आले तेव्हापासून बघत होते. शिरोलीला त्यांची फाउंड्री. बाबगोंडा मगदुमांनी ती उभी केली, आणि डोळे मिटायच्या आधी कंपनीचे शेअर तिन्ही मुलांत स्वतःच्या हातांनी सारखे वाटून दिले. थोरला महावीर, धाकटा शीतल आणि मधली रत्ना. पहिल्या पत्रात मी 'श्रीमती शीतल' असं लिहिलं होतं. चांगले मिशाळ गृहस्थ केबिनमध्ये येऊन म्हणाले, "श्रीमती मीच, मॅडम," तेव्हा सबंध ऑफिस हसलं. मुंबईची मॅडम म्हणून माझी पत होती ती तेवढ्यात निम्मी झाली.

आता पुण्याची एक मोठी कंपनी ही फाउंड्री विकत घ्यायला तयार होती. त्यांची माणसं शनिवारी सकाळी शेवटच्या सह्यांना येणार होती. पण भावांचं म्हणणं असं की त्याआधी रत्नानं आपला वाटा दोघांना बक्षीस लिहून द्यावा. कागदाचं नाव काहीही असो, गावात याला हक्कसोडच म्हणतात. बहीण येते, सही करते, ओटी घेते आणि सासरी जाते.

"त्यांचा वेगळा वकील कोण?" मी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

महावीर मगदूम मनापासून हसले होते. वाईट माणूस नव्हता तो. "बहिणीला वकील कशाला ओ मॅडम? घरातलं काम हाय हे."

बैठक संपल्यावर मी साहेबांशी भांडले. मी म्हटलं, उद्या या बाई कोर्टात गेल्या आणि म्हणाल्या की मला काही समजावलंच नाही, तर? साहेबांनी चष्मा पुसला. ते नेहमी चष्मा पुसून वेळ काढतात. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. मग तुम्हीच समजावा. एकटीला बसवून, भाऊ बाहेर. स्वखुशीनं करते का विचारा. हो म्हणाली तर सही, नाही म्हणाली तर नाही. आपण दोन्हीकडून मोकळे."

"आणि आजवर कुणी नाही म्हटलंय?"

"एवढ्या वर्षांत? नाही बुवा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

उन्हं कलायच्या आत रत्नाक्का आल्या. भाऊ शिरोलीहून गाडीनं आले होते, या जयसिंगपूरहून एसटीनं. पन्नाशीच्या आसपास, अंगावर साधी पण कडक इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून शीतलच्या हातात दिला.

"डिंकाचे लाडू हायत. पोरांना दे. तू खाऊ नको सगळे."

"गाडी पाठवतो म्हटलं होतं की अक्का," शीतल म्हणाला.

"येष्टी बरी. बघत-बघत येता येतंय."

महावीर घड्याळ बघत होते. पुण्याचा फोन सारखा येत होता. मी दोघांना गॅलरीत जायला सांगितलं, आणि बैठकीच्या खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर कागद, शाईचा पॅड, पेन, आणि शेजारी ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. साहेबांनी स्वतः मांडलं होतं. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, तिथली ठोकाठोक जमिनीतून वर येत होती.

मी पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. "अक्का, आधीच सांगते. मी तुमची वकील नाही. मी तुमच्या भावांच्या कंपनीची वकील आहे."

"मग माझा कोण हाय?"

"आत्ता तरी कोणी नाही. हवा असेल तर तुम्ही नेमू शकता. हा कागद असं म्हणतो की वडिलांनी दिलेले शेअर तुम्ही भावांना बक्षीस देताय. मोबदला काही नाही. सही केल्यावर फाउंड्रीत तुमचं काही उरणार नाही. उद्या ती विकली जाईल, त्यातही नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर तुमचं तुमच्याकडे. पुण्याच्या लोकांना तुमच्याशीही बोलावं लागेल. आजच करायला पाहिजे असा कायदा नाही."

रत्नाक्कांनी कागद उचलला नाही. नुसती त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. "आप्पांनी हाक मारून बोलावलं होतं," त्या म्हणाल्या, "कागद हातात देऊन म्हणाले, रत्ना, हे तुझं. ह्यांच्याइतकंच तुझं. मी म्हटलं, मला काय करायचंय, आप्पा? तर रागावले. आयुष्यात माझ्यावर रागावले नाहीत, त्या दिवशी रागावले."

"मग तुम्हाला हे द्यायचंय का?"

"मला कुणी विचारलं नाही ओ. फोन आला, शुक्रवारी सहीला ये. एवढंच. घरी येऊन, पाणी पिऊन, रत्ना असं-असं हाय म्हणाले असते, तर दिलंही असतं कदाचित. कदाचित नसतंही. ते मला पण ठाऊक नाही."

"मग नाही म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहान मुलानं विस्तवाला हात लाव म्हटल्यावर त्याच्याकडे बघावं तसं. "नाही म्हटलं की माहेर तुटतंय. आमच्या गल्लीत दोघीजणी हायत तशा. दिवाळीला दारात उभ्या असतात, कोण न्यायला येत नाही. सही केली तर आप्पांनी दिलेलं जातंय, नाही म्हटलं तर माहेर जातंय. तुमच्या कागदात तिसरं काय हाय का?"

तिसरं काही नव्हतं. माझ्याकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या वादावर कलमं होती, या बाईसाठी एक ओळ नव्हती. मला एकदम उठून खिडकी उघडावीशी वाटली. उघडली. ठोकाठोक आणखी मोठ्यानं आत आली म्हणून पुन्हा लावली.

"तुम्ही मुंबईच्या ना?" त्यांनी मागून विचारलं. "करमतंय का हितं?"

"नाही," मी म्हणाले. इतकं सरळ उत्तर मी तोवर कुणालाच दिलं नव्हतं.

"मग परत जाणार?"

"ठरत नाहीये."

"तुम्हाला जाता येतंय," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

गॅलरीतून महावीरांचा आवाज वाढत होता. "हां, हां, अर्ध्या तासात होतंय. बहीण आलीय." रत्नाक्कांची नजर ताटाकडे गेली. नारळाकडे, खणाकडे आणि शेजारच्या शाईच्या पॅडकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"ओटी कोण भरणार?"

"मीच. पण मला नीट येत नाही. आई होती तेव्हा ती करायची सगळं."

"त्यात काय. मी सांगतो तसं करा." तिकडच्या बायका 'सांगतो, येतो' असंच बोलतात, याची मला अजून सवय झाली नव्हती. त्या उठून उभ्या राहिल्या. "आणि आधी भरा. अंगठा उठवला की हाताला शाई लागत्या. मग खण खराब होतोय."

मला ते पटलं. हिरवा खण नवाकोरा होता. मी विचार केला, या बाईसाठी आपल्याला काही करता येत नाही, निदान ओटी तरी नीट भरू.

त्यांनी पदर पसरला. त्या सांगत गेल्या, मी करत गेले. आधी हळद, मग कुंकू. खण उघडा नको, घडी करून. त्यावर नारळ, शेंडी त्यांच्याकडे. मग ओंजळीनं तांदूळ. थोडे तांदूळ बक्षीसपत्रावर सांडले. "असू द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराची टोकं गोळा करून ओटी कमरेशी धरली, आणि तेवढ्यात दार उघडून महावीर, शीतल आणि मागून शिंत्रेसाहेब आत आले.

"हे काय, आधीच?" साहेब म्हणाले.

मी शाईचं सांगायला तोंड उघडलं. पण रत्नाक्का पुढे झाल्या होत्या. भरल्या ओटीनं त्या वाकल्या आणि महावीरांच्या पायाला हात लावला. महावीरांचा हात सवयीनं त्यांच्या डोक्यावर गेला. "सुखानं राहा," ते म्हणाले. मग त्या शीतलकडे वळल्या, त्याच्या गालावरून हात फिरवला. "लाडू पोरांना दे," असं पुन्हा बजावलं. खुर्चीवरची पिशवी खांद्याला अडकवली.

"येतो मी."

महावीर म्हणाले, "अगं, सही?"

"ओटी भरली न्हवं, अण्णा."

"मग?"

"भरल्या ओटीनं मागं बसत नाहीत. कागदाला, पेनाला हात लावत नाहीत. ओटी घेऊन सरळ घर गाठायचं. आईनं सांगितलेलं हाय."

महावीरांनी शीतलकडे पाहिलं. शीतलनं साहेबांकडे. साहेबांनी माझ्याकडे, आणि मी रिकाम्या ताटाकडे. पुरुषांचं असं होतं, बायकांच्या रीतींसमोर ते एकदम दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे अवघडतात.

"असतंय का तसं?" शीतलनं हळूच विचारलं.

"असणार," महावीर म्हणाले. "आई काय-काय म्हणायची." मग चिडून, "पण उद्या पुण्याची माणसं येणार रत्ना! आता काय करायचं?"

"घरी या की. जयसिंगपूर काय लांब हाय? या, बसा, जेवा. मग बोलू." एवढं म्हणून त्या निघाल्या. एका हातानं ओटी, दुसऱ्या हातानं कठडा धरून जिना उतरायला लागल्या. भरल्या ओटीच्या बाईला अडवायचं कुणाला धाडस झालं नाही. उलट शीतल लाडवांचा डबा काखेत मारून मागे धावला, "अक्का, थांब, स्टँडवर सोडतो." त्या गाडीत बसल्या. मी खिडकीतून बघितलं.

आणि मग महावीर माझ्यावर वळले. "आधी ओटी कशाला भरलीसा ओ? एवढं साधं कळत नाही? मुंबईत हेच शिकवत्यात?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. साहेबांना म्हणाले, "ह्यांना आमच्या फायलीवर ठेवू नका." दार आपटून गेले.

मी खुर्चीत बसले. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आता साहेब 'या तुम्ही' म्हणतील, मी बस पकडेन, सोमवारी सबनीस मॅडमना हो म्हणेन. जे इतके दिवस ठरत नव्हतं ते एका नारळानं ठरवलं होतं.

"मी राजीनामा देते, सर."

"मुद्दाम केलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. अशी काही रीत असते हेच मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, हाताला शाई लागेल."

साहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. फोन उचलून पुण्याला लेकीच्या घरी मिसेसना, म्हणजे आमच्या वहिनींना, लावला आणि स्पीकरवर टाकला. "अगं, एक सांग. ओटी भरल्यावर बाईनं मागं बसू नये, सही करू नये, असं काही असतं का?"

पलीकडे तान्हं बाळ रडत होतं. वहिनींनी लगेच उत्तर दिलं नाही.

"कुणाची ओटी?"

"मगदुमांच्या रत्नाची."

पुन्हा नुसतंच बाळाचं रडणं. मग वहिनी म्हणाल्या, "असतं की. तुम्हाला काय माहीत असणार?" आणि फोन ठेवला.

साहेब कागदावर सांडलेले तांदूळ बोटानं गोळा करत राहिले. "आपण इतकी वर्षं नंतरच भरत आलो," ते स्वतःशीच म्हणाले. "राजीनाम्याचं सोमवारी बघू. आज दमला असाल."

मी मुंबईच्या बसला गेले नाही. का ते सांगता येणार नाही. काय होतंय ते कळल्याशिवाय निघवेना, एवढंच. शनिवारी पुण्याची माणसं आली नाहीत, त्यांना थांबायला सांगितलं होतं. रविवारी दोघं भाऊ जयसिंगपूरला गेले, हे शीतलनंच साहेबांना फोन करून सांगितलं. तिथे काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. जेवण झालं, महावीर आधी ओरडले, मग रडले, एवढं कानावर आलं. पुढे रत्नाक्कांनी सांगलीचा एक वकील केला, आणि सह्यांच्या दिवशी त्या भावांच्या शेजारी, तिसऱ्या खुर्चीवर, बसल्या. त्यांनी आपला वाटा विकला, पण स्वतःच्या नावानं विकला. मला त्या दिवशी आत जायची मनाई होती. मी केबिनच्या काचेतून बघितलं.

सबनीस मॅडमना मी सोमवारी म्हटलं, आणखी आठ दिवस द्या. त्या म्हणाल्या, तुझं हे नेहमीचंच. आठवडा उलटायच्या आत कागलहून एक बाई आल्या. काचेच्या दारापाशी उभ्या राहून पिशवीचा बंद पिळत होत्या.

"आधी ओटी भरणाऱ्या मॅडम त्या तुम्हीच का?"

तो अपघात होता, मला काही ठाऊक नव्हतं, असं सांगणार होते. पण त्या बाईंचे हात बघितले आणि म्हणाले, "या, बसा."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात ओटी आधीच भरतात. वहिनी पुण्याहून परत आल्यावर त्यांनीही काही न बोलता ताट आधी मांडायला सुरुवात केली. ओटी भरली की त्या दिवशी सही नाही. घरी जा, हवं तर परत या, नको तर येऊ नका. काही जणी परत येऊन खुशीनं सही करतात. काही येत नाहीत. काही वकील घेऊन येतात. साहेबांची काही कामं यात गेली. ते कुरकुरले, पण एका शब्दानंही नको म्हणाले नाहीत. बोर्डावर माझं नाव लागलं. खोकी कधी रिकामी झाली, ते माझं मलाच आठवत नाही.

रत्नाक्कांची माझी नीट गाठ पडली ती खूप वर्षांनी, शीतलच्या मुलीच्या लग्नात, जयसिंगपुरात. केस पांढरे झाले होते, साडीला इस्त्री तशीच कडक. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. जैन घरचं लग्न, म्हणून मांडवात दिवसाउजेडी पंगती उरकायची घाई चालली होती.

"अक्का, तुमच्या आईची रीत आम्ही अजून पाळतो," मी म्हणाले. "जिल्ह्यातले दुसरे वकीलसुद्धा पाळायला लागलेत. पक्षकारच ऐकत नाहीत आता. काय सुंदर रीत आहे."

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या.

"आईची? अहो, आई तर तिच्या माहेरातनं सही करून, मग ओटी घेऊन आली होती. अशी रीत कुठं असत्या?"

"म्हणजे?"

"त्या ताटातला नारळ बघितला आणि सुचलं. मला नाही म्हणायला येत नव्हतं. येतो म्हणायला येत होतं. तेवढंच म्हटलं."

"पण तुमच्या भावांनी घरी जाऊन विचारलं असेल ना कुणाला?"

"विचारलं की. अण्णानं त्याच रात्री आपल्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, असतंय. शीतलच्या बायकोला शीतलनं विचारलं. ती पण म्हणाली, असतंय."

"त्या का खोटं बोलल्या?"

अक्कांनी हनुवटीनं समोर दाखवलं. महावीरांची बायको हातात ताट घेऊन आलेल्या बायकांच्या ओट्या भरत होती. "तिचं माहेर गडहिंग्लजचं. भावांना लिहून दिलंय तिनं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तुमच्याच हापिसात. त्या शिंत्रेबाईंनीच ओटी भरली होती, सही झाल्यावर."

मला फोनमधलं ते बाळाचं रडणं आठवलं, आणि वहिनी किती वेळ गप्प होत्या ते. वहिनी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे कळल्यावर मला त्यांना एकदा भेटायचं होतं, आणि आता भेटता येणार नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

तेवढ्यात महावीरांची बायको आमच्यापाशी आली. तिनं मला ओळखलं. पदर पसरायची खूण केली. मी उभी राहिले. तिनं कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, ओटी भरली म्हणून लगेच निघायचं नाही हं. बसायचं. जेवून जायचं."

मी बसले.